हॉस्टेलचं वायफाय: सुरुवात उशीपासून करा

मुंबईतल्या कॉलेजच्या आयटी विभागात नुकतेच रुजू झालात आणि पहिल्याच महिन्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नवीन बॅच यायच्या आत हॉस्टेलला वायफाय झालं पाहिजे." हा लेख अशांसाठी आहे. नेटवर्किंग तुम्ही शिकला असाल, एखाद्या ऑफिसचं वायफायही सांभाळलं असेल. हॉस्टेल मात्र वेगळं प्रकरण आहे. ऑफिसात माणसं सकाळी येतात, संध्याकाळी जातात आणि मध्ये फार भिंती नसतात. हॉस्टेलात माणसं राहतात. दर दहा फुटांवर भिंत, भिंतीला टेकून लोखंडी कपाट, आणि सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं, रात्री दहा ते एक.

मी पहिलं हॉस्टेल केलं तेव्हा ॲक्सेस पॉइंट (वायफाय हवेत सोडणारे डबे), म्हणजे आपल्या भाषेत एपी, पॅसेजमध्ये लावले. छताला, एका रेषेत, बघणाऱ्याने वाहवा करावी असे. पॅसेजमध्ये फोन धरला की सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या. महिन्याभरात रात्री पॅसेजच्या लादीवर मुलांची रांग बसायला लागली, मांडीवर लॅपटॉप आणि पाठ भिंतीला. वॉर्डन सरांना वाटलं, मुलं किती मिळूनमिसळून अभ्यास करतात! खरं कारण मला ठाऊक होतं. खोलीत नेट येत नव्हतं. दोन वर्षांनी ते सगळं उखडून पुन्हा बसवावं लागलं.

तेव्हापासून माझा हिशेब उशीपासून सुरू होतो. मुलगा दार लावून, उशीवर डोकं टेकून, फोन छातीवर धरून पडलेला असतो, तिथे नेट पोचलं तरच ते पोचलं म्हणायचं.

आधी इमारत चालून बघा

टेंडर, कोटेशन, ब्रँड हे सगळं नंतर. पहिले दोन दिवस नुसतं चाला. हातात मजल्याचा नकाशा ठेवा. जुन्या इमारतीचा नकाशा बहुधा मिळत नाही, मग अग्निशमनाच्या आराखड्याची झेरॉक्स मागा, ती भिंतीवर कुठेतरी टांगलेली असतेच. त्यावर चार गोष्टी टिपा: खाटा कुठे आहेत, लोखंडी कपाटं कुठे आहेत, संडास-बाथरूम कुठे आहेत आणि वरून खाली जाणारा डक्ट, म्हणजे पाइप-वायरींची पोकळी, कुठे आहे.

मग भिंतींकडे बघा, कारण मुंबईत भिंतीच सगळं ठरवतात. चर्चगेट-मरीन लाइन्सकडच्या जुन्या इमारतींत भिंती हात-दीड हात जाड, दगडाच्या नाहीतर विटांच्या. उपनगरांत काही दशकांपूर्वी उभ्या राहिलेल्या हॉस्टेलांत आरसीसीचा सांगाडा आणि मध्ये विटांच्या भिंती, हा वायफायसाठी त्यातल्या त्यात दयाळू प्रकार. सगळ्यांत फसवे नवे टॉवर. मायवान शटरिंगने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून, बांधलेल्या इमारतीत आतल्या भिंतीसुद्धा ओतीव काँक्रीटच्या असतात आणि आत सळया. दिसायला बारीक, पण ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायच्या वेगवान पट्ट्याचा, सिग्नल त्यात अडकतो. शंका असेल तर भिंतीवर बोटाच्या पेराने ठोका आणि मेंटेनन्सच्या माणसाला विचारा, "इथे ड्रिल मारताना किती त्रास होतो?" त्याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा बरं.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. एपीच्या नाकाखाली उणे ३० ते ४०, आणि उणे ८० च्या पलीकडे नाव दिसतं पण पान उघडत नाही. ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी, १० डीबी कमी झाले की एक दशांश. साधी विटांची भिंत ६ ते १० डीबी खाते, लाकडी दार ३-४, स्लॅब त्याहून कितीतरी जास्त, आणि लोखंडी कपाटामागे जवळजवळ अंधारच. उशीपाशी उणे ६५ किंवा त्याहून चांगला आकडा मिळाला पाहिजे, तोही ५ गिगाहर्ट्झवर.

हे कागदावर मांडू नका, करून बघा. एक एपी, पीओई इंजेक्टर (लॅनच्याच वायरीतून एपीला वीज देणारा डबा), लांब पॅच कॉर्ड (तयार लॅनची वायर) आणि फोटोग्राफरचा जुना ट्रायपॉड एवढं सामान पुरतं. एका खोलीत एपी उभा करा, दार लावा, शेजारच्या खोलीत जा, तिथलंही दार लावा, खाटेवर आडवे व्हा आणि फोनमधल्या वायफाय ॲनालायझर ॲपवर आकडा वाचा. आडवे व्हा म्हणतोय ते गंमत म्हणून नाही. अंगाने, गादीने सिग्नल अडतो. मोजायला तुमचा महागडा लॅपटॉप घेऊ नका, हॉस्टेलात मिळेल तो सगळ्यांत स्वस्त फोन घ्या, कारण तक्रार त्याच फोनवरून येणार आहे.

मे महिन्यात रिकाम्या इमारतीत घेतलेली मापं गोड येतात. ऑगस्टमध्ये त्याच खोलीत दोन माणसं, चार बॅगा आणि पावसाने न वाळलेले कपडे दोरीवर असतात. म्हणून ५ डीबी हाताशी राखूनच ठरवा.

मुलींच्या हॉस्टेलात सर्व्हे असेल तर एक दिवस आधी नोटीस लावायला सांगा आणि वॉर्डन मॅडम किंवा त्यांच्या मावशींना बरोबर घेतल्याशिवाय मजल्यावर पाऊल टाकू नका. पुढे दुरुस्तीलाही हाच रिवाज ठेवायचाय, तेव्हा पहिल्या दिवसापासून घाला.

माणसं नाही, यंत्रं मोजा

समजा इमारत तळ अधिक चार मजल्यांची आहे. तळाला मेस आणि ऑफिस, वर प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोलीत २ मुलं. म्हणजे १६० मुलं. फोन सगळ्यांकडे, लॅपटॉप बहुतेकांकडे, शिवाय कुणाचा टॅब, कुणाचं घड्याळ. मी माणशी अडीच यंत्रं धरतो. झाली ४००.

खोक्यावर लिहिलेलं असतं की एका एपीला शेकडो यंत्रं जोडता येतात. जोडता येतात, चालत नाहीत. एपीशी एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका गल्लीत, एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. लोकलच्या तिकीट खिडकीवर एखादा सुटे पैसे मोजत बसला की अख्खी रांग अडते ना, तसंच. लांबच्या खोलीतला, कमजोर सिग्नलवरचा एक फोन हळूहळू बोलत राहतो आणि त्याच्या मागे चांगल्या सिग्नलवाले ताटकळतात. म्हणून एका एपीवर एका वेळी २५-३० हून जास्त चालू यंत्रं येणार नाहीत असं बघा.

हॉस्टेलात हा आकडा आपोआप सांभाळला जातो, कारण भिंतीच तुम्हाला जास्त एपी लावायला लावतात. विटांच्या इमारतीत तीन खोल्यांमागे एक एपी हे माझं माप. मजल्यावर ७, चार मजल्यांचे २८, मेसला २, अभ्यासिकेला २. एकूण ३२. मायवानच्या इमारतीत दोन खोल्यांमागे एक धरा आणि खर्चाचा आकडा साहेबांना बसवूनच सांगा.

एपी खोलीत लावा, पॅसेजमध्ये नाही

हे ऐकून वॉर्डन नाखूश होतील. मुलं वायर ओढतील, टॉवेल टांगतील, एखादा उचलून नेईल. ही भीती अगदीच खोटी नाही. तरी खोलीतच लावा.

कारण पॅसेजमधला एपी दोन्ही बाजूंनी चूक करतो. खोलीत शिरताना त्याला दार, बऱ्याचदा दाराशेजारचं बाथरूम आणि त्यापुढे कपाट ओलांडावं लागतं. उलट पॅसेजमध्ये त्याला काहीच अडत नाही, त्यामुळे एका टोकाच्या एपीला दुसऱ्या टोकाचा स्पष्ट ऐकू येतो. एकाच चॅनेलवरचे दोन एपी एकमेकांना ऐकू लागले की दोघं आळीपाळीने बोलतात. म्हणजे पैसे दोघांचे आणि काम एकाचं.

खोलीत लावताना एकाआड एक बाजू घ्या: डावीकडे १०२, उजवीकडे १०५, पुन्हा डावीकडे १०८, असं. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच जागेवर लावू नका, एक खोली सरकवा. स्विचबोर्डाच्या डबीएवढे भिंतीत बसणारे एपी मिळतात, हॉस्टेलसाठी ते उत्तम. त्यांना खाली एक-दोन लॅनचे पोर्टही असतात, त्यामुळे खोलीत वायरही देता येते. जो मुलगा लॅपटॉप वायरीवर चालवतो तो हवेतली गर्दी कमी करतो. त्याचे आभार माना.

टॉवेलचं म्हणाल तर, एपी दारावरच्या उंचीवर लावा आणि स्क्रू साध्या पान्याने न निघणारे घ्या. माझ्याकडे आजवर एपी एकही चोरीला गेलेला नाही. ट्रायपॉड मात्र गेला.

चॅनेल, ताकद आणि वेरावलीचं रडार

आता सॉफ्टवेअरमध्ये. नवशिके इथे 'ऑटो' ठेवून मोकळे होतात. हॉस्टेलात तेवढ्याने भागत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या जुन्या पट्ट्यावर, एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तीस एपी आणि तीन चॅनेल, त्यात शेजारच्या सोसायटीतले राउटर, मुलांचे फोन-हॉटस्पॉट आणि पँट्रीतला मायक्रोवेव्ह. ही गर्दी आवरता येत नाही. म्हणून दर दोन एपींमागे एकाचं २.४ बंद ठेवा, उरलेल्यांची ताकद उतरवा आणि तो पट्टा जुन्या फोनांपुरता आहे असं समजा.

खरी वाहतूक ५ गिगाहर्ट्झवर न्या. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर तिथे ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. २० मेगाहर्ट्झ रुंदीने वापरला तर वीसहून जास्त चॅनेल मिळतात. विक्रेता ८० मेगाहर्ट्झ लावून स्पीडटेस्टचा मोठा आकडा दाखवेल. तो एका एपीचा, एका लॅपटॉपचा आकडा असतो. ८० ठेवलंत तर चॅनेल पाच-सहाच उरतात आणि शेजारी-शेजारी भांडण सुरू. हॉस्टेलात २०, फार तर ४०.

यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. त्यांवर सुरू होण्याआधी एपी किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो, आणि चालू असताना रडारची चाहूल लागली तर काही सेकंदांत चॅनेल सोडून पुढचा अर्धा तास तिथे फिरकत नाही. मुंबईत ही पुस्तकी गोष्ट नाही. कुलाब्याचं हवामान खात्याचं डॉप्लर रडार एस-बँडचं, म्हणजे आपल्या ५ गिगाहर्ट्झपासून लांबच्या पट्ट्याचं, त्याचा आपल्याला त्रास नाही. पण २०२२ च्या जानेवारीत अंधेरीजवळ वेरावलीला दुसरं रडार सुरू झालं ते सी-बँडचं, आणि हवामानाची सी-बँड रडारं साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिथेच आपले १२०, १२४ आणि १२८ हे चॅनेल येतात. पवई, जोगेश्वरी, अंधेरी, कालिना या पट्ट्यात इमारत असेल, आणि त्यातही वरच्या मजल्यांवर, तर हे तीन यादीतून काढून टाका. कंट्रोलरच्या (सगळे एपी एका जागेवरून चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, 'रडार' हा शब्द आठवड्यातून एकदा शोधत जा. ज्या एपीवर तो वारंवार दिसेल त्याला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये बसवा.

ताकदीबद्दल एकच सांगतो: वाढवू नका. तक्रार आली की वाढवायचा मोह होतो. एपी मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, एपीला तो ऐकू येत नाही, आणि मुलगा म्हणतो, "कांड्या फुल आहेत पण चालत नाही." शिवाय ओरडणाऱ्या एपीला फोन चिकटून बसतो, जवळचा सोडून लांबचा धरतो. मी ५ गिगाहर्ट्झवर १४-१५ डीबीएम आणि २.४ वर त्याहून ६ ने कमी ठेवतो. त्याबरोबर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करून टाका. आणि वायफायची नावं तीनच्या वर नेऊ नका. प्रत्येक नावाची दवंडी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण दहा वेळा पिटत असतो, आणि त्यात वेळ जातो.

केबल, आणि मग पाऊस

वायफायमधली निम्मी दुखणी वायरीत निघतात. कॅट-६ जातीची केबल घ्या, शुद्ध तांब्याची. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तात मिळणारी केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण पीओईचा (एपीला वायरीतूनच मिळणाऱ्या विजेचा) करंट लांबवर नेताना ती गरम होते आणि एपी मध्येच बंद पडतो. तार चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

स्विचपासून (लॅनच्या वायरी एकत्र येतात त्या डब्यापासून) एपीपर्यंत केबल १०० मीटरच्या आत, त्यात दोन्हीकडच्या पॅच कॉर्डही धरायच्या. लांब इमारतीत हे मोजूनच घ्या, कारण केबल सरळ जात नाही, डक्टात चढते-उतरते. प्रत्येक एपीच्या जागी एकऐवजी दोन केबल ओढा. मजूर तोच, पाइप तोच, आणि एक उंदराने कुरतडली की दुसरी असते. बत्तीस जागा, दोन-दोन केबल, सरासरी ४० मीटर म्हणजे २५६० मीटर. बॉक्स ३०५ मीटरचा येतो, तेव्हा नऊ बॉक्स. उंदीर हा मुंबईत खर्चाचा कायमचा मुद्दा आहे. केबल उघडी सोडू नका, पीव्हीसी पाइपात घाला आणि डक्टाची तोंडं बुजवा.

पीओई स्विच प्रत्येक मजल्यावर एक. साधा पीओई पोर्टला १५.४ वॉट देतो, पीओई प्लस ३०. वायफाय ६ चे बरेच एपी पूर्ण ताकदीने चालायला प्लस मागतात. एपीला २० वॉट धरून मजल्याच्या ७ एपींचे १४० वॉट, म्हणून ३७० वॉटचा २४ पोर्टी स्विच आरामात पुरतो. मजल्यामजल्यांना जोडायला फायबर ओढा. दोन इमारतींमध्ये तर फायबरच, तांबं नाही. पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या वायरीने दोन्हीकडचे स्विच जातात.

रॅक, म्हणजे स्विच ठेवायचं कपाट, कुठे ठेवायची यावर हटून बसा. तळमजल्यावर जिन्याखाली रिकामी जागा असते आणि सगळे तीच दाखवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कालिना-कुर्ला पाण्यात गेलं. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण गुडघाभर पाणी मुंबईत दर एक-दोन वर्षांनी कुठे ना कुठे येतं. मुख्य रॅक पहिल्या मजल्यावर किंवा वर. गच्चीखालचा मजला नको, तिथे गळती. बाथरूमला लागून असलेली भिंत नको. समुद्राजवळच्या इमारतींत खारी हवा जॅकच्या पिना हिरव्या करते, तिथे सोन्याचा जाड मुलामा असलेले जॅक घ्या आणि रॅकचं दार बंद ठेवा.

यूपीएस लावा. मुंबईची वीज फारशी जात नाही म्हणून लोक टाळतात. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज तासन्‌तास गेली तेव्हा ज्यांच्या ऑनलाइन परीक्षा होत्या त्यांना विचारा.

इमारत हेरिटेज यादीत असेल तर दर्शनी भागावरून एकही वायर नेऊ नका, आतूनसुद्धा भिंत फोडण्याआधी लेखी परवानगी घ्या. २०१८ पासून फोर्ट ते मरीन ड्राइव्हचा व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारसा यादीत आहे, तिकडे तर याचा विसर पडायलाच नको.

हे सगळं मेअखेर संपवा. जूनमध्ये गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर काम करणारा मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला चढवू नका.

बाहेरची लाइन

रात्रीच्या गर्दीत माणशी सरासरी ३ एमबीपीएस धरा. १६० मुलांना ४८०, म्हणजे ५०० एमबीपीएसची लाइन. शक्य असेल तर लीज लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली, कारण तिथे अपलोड-डाउनलोडला सारखा वेग आणि बिघडली तर किती तासांत दुरुस्त करायची याचा लेखी करार असतो. संस्था शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याशी, म्हणजे एनकेएनशी, जोडलेली असेल तर तो जोड हॉस्टेलपर्यंत आणता येतो का हे आधी विचारा. दुसरी, छोटी लाइन वेगळ्या कंपनीची ठेवा, आणि ती वेगळ्या रस्त्याने येते याची स्वतः गच्चीवर जाऊन खात्री करा. दोन कंपन्यांच्या केबल एकाच झाडावरून आल्या तर पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत दोन्ही एकदम जातात.

लॉगिन: एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका

नोटीस बोर्डावर पासवर्ड लिहिला की तो संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर असतो. त्याहून गंभीर म्हणजे, कोण काय करतंय याचा पत्ता लागत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पुढच्याच महिन्यात मुंबईतल्या एका कॉलेजचं वायफाय तशाच कामासाठी वापरलं गेलं. पोलीस आधी त्या जोडणीच्या मालकाच्या दारात गेले. उद्या ते तुमच्या प्राचार्यांच्या दारात आले तर तुमच्याकडे उत्तर हवं.

म्हणून प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. याला ८०२.१एक्स म्हणतात, मागे नाव-पासवर्ड तपासणारा एक रेडियस सर्व्हर लागतो. फ्रीरेडियस फुकट आहे आणि साध्या मशीनवर चालतो. प्रवेशाच्या यादीतून खाती तयार करा, हॉस्टेल सोडताना ना-हरकत दाखल्याबरोबर बंद करा. सर्व्हरला नीट प्रमाणपत्र, म्हणजे तो खरा आहे हे फोनला पटवणारी डिजिटल ओळख, बसवा. अँड्रॉइड ११ नंतर अनेक फोनांवर 'प्रमाणपत्र तपासू नका' हा पर्यायच उरलेला नाही, त्यामुळे डोमेनचं नाव काय टाकायचं हे स्क्रीनशॉटसह पत्रकावर छापा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात दारात टेबल टाकून बसा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. रेडियस एकदा उभा राहिला की एड्युरोमचाही, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक वायफायचाही, विचार करा. भारतात ते अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था चालवते, आणि तुमची मुलं दुसऱ्या सभासद विद्यापीठात गेली तर त्याच खात्यावर नेट मिळतं.

वेब पानावर लॉगिन मागणारी पद्धत, कॅप्टिव्ह पोर्टल, पाहुण्यांपुरती ठीक. रोज राहणाऱ्याला दर काही तासांनी लॉगिन मागाल तर तो शिव्या देईल आणि त्याचं बरोबर असेल.

काही ठिकाणी अजून फोनचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात. तो काळ गेला. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःहून बनावट मॅक पत्ता सांगतो. वहीत लिहिलेले सहाशे पत्ते सहा महिन्यांत रद्दी.

लॉगबद्दल: सर्ट-इनच्या, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आणि यंत्रांची घड्याळं अधिकृत एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची. कुठल्या खात्याला, कुठल्या वेळी, कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट मिळाला एवढं पुरतं. मुलं काय बघतात ते चाळत बसणं हे आपलं काम नाही. कुणी मागितलं तर लेखी आणि योग्य हुद्द्यावरूनच द्या, वॉर्डननी जिन्यात विचारलं म्हणून नाही.

स्विचमध्ये एवढं करून ठेवा

एक दिवस अचानक अर्ध्या मजल्याचं नेट जातं. फोन जोडलेला, पण पान उघडत नाही. आयपी बघितला तर १९२.१६८.०. काहीतरी, जो तुम्ही कधी दिलाच नव्हता. कुणीतरी घरून आणलेला राउटर भिंतीतल्या पोर्टला उलटा जोडलेला असतो आणि तो मजल्यावर आयपी वाटत सुटतो. पहिल्यांदा मी वीस खोल्यांची दारं वाजवत रात्री दीड वाजता तो शोधला होता. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग (आयपी वाटायचा हक्क फक्त आपल्या सर्व्हरला देणारी सोय) चालू केलं की हा प्रश्न जन्मालाच येत नाही. त्याचबरोबर वायरीचं वेटोळं झालं की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावा, नाहीतर एखादा दोन पोर्ट एकाच वायरीने जोडून बघतो काय होतं ते. मजला बंद पडतो, हे होतं.

४०० यंत्रांना २५४ पत्त्यांचा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) पुरत नाही. १०२२ चा घ्या आणि लीज, म्हणजे एका यंत्राकडे पत्ता राहण्याची मुदत, आठ तासांची ठेवा. मुलांचं, ऑफिसचं आणि सीसीटीव्हीचं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं आभासी जाळं, वेगळं.

"रात्री बंद करता येईल का?"

हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच. आयआयटी मुंबईने २००७ मध्ये हॉस्टेलच्या खोल्यांतलं इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवून पाहिलं होतं. मुलांनी झोपावं, वर्गात यावं, एकमेकांशी बोलावं हा हेतू. तेव्हा वायर काढली की नेट गेलं. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल डेटा आहे. तुम्ही बंद केलंत की खोलीखोलीतून हॉटस्पॉट सुरू होतात आणि २.४ चा पट्टा सकाळपर्यंत कोंदतो. मी समितीला हेच सांगतो, आणि त्याऐवजी माणशी वेगाची मर्यादा सुचवतो, २० एमबीपीएस. त्यात व्हिडिओ चालतो, वर्ग चालतो, आणि एकाच्या मोठ्या डाउनलोडखाली बाकीचे दबत नाहीत.

मुलं आल्यावरची पहिली रात्र

त्या रात्री घरी जाऊ नका. साडेदहाला शेवटच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, मुलांना विचारून, जाऊन बसा. कंट्रोलरवर बघा: कुठल्या एपीवर तीसच्या वर यंत्रं आहेत, कुणाचा सिग्नल उणे ७५ च्या खाली आहे, कुठल्या चॅनेलचा किती वेळ भरलेला आहे. निम्म्याहून जास्त भरलेला चॅनेल दिसला तर बदला. खोलीतून पिंग (समोरून उत्तर येतं का ते तपासणारी हाक) लावून ठेवा, आधी गेटवेला, म्हणजे हॉस्टेलचं नेट जिथून बाहेर जातं त्या राउटरला, मग बाहेर. गेटवेलाच अडखळलं तर दोष हवेत किंवा वायरीत. गेटवे नीट आणि बाहेर अडखळलं तर लाइनवाल्याला फोन करा.

तक्रारीचा फॉर्म छोटा ठेवा: खोली क्रमांक, वेळ, फोनचं मॉडेल, खाटेवर बसून होता की बाहेर. "वायफाय स्लो आहे" एवढ्यावरून काही कळत नाही, "२१४, रात्री ११.४०, खिडकीकडची खाट" यावरून कळतं. प्रत्येक एपीवर मोठ्या अक्षरात नंबर चिकटवा, तोच नंबर स्विचच्या पोर्टवर, तोच नकाशावर. तुमच्यानंतर येणाऱ्याला एवढाच वारसा कामाचा.

पहिलं हॉस्टेल मी असं पुन्हा बसवलं तेव्हा आठवड्याभरात पॅसेज रात्री रिकामा दिसू लागला. वॉर्डन सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अहो, मुलांची आपसात काही भांडणं झालीत का?"